मदत हवी आहे: ट्रामाडोल सुरू झाल्यापासून बाबा दिवसभर गुंगीत

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे. बाबांचं (वय 72) गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुखणं सहन होईना म्हणून डॉक्टरांनी ट्रामाडोल 50 मिग्रॅ दिवसातून दोनदा लिहून दिलीये. दुखणं कमी झालं हे खरं, पण माणूस पार गळून गेलाय, सकाळी पेजेची वाटी हातात धरून बसल्या बसल्या डोळे मिटतात, उठले की गरगरतं, मळमळतं, आणि पोट तर साफच होत नाही, इसबगोल झालं, पपई झाली, काही फरक नाही.

गुंगी नि बद्धकोष्ठ ट्रामाडोलच्या गटातल्या (ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्यांनी होतंच म्हणे. मला धास्ती वेगळीच आहे, बाबांची एस्सिटालोप्रॅम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) आधीपासून चालू आहे आणि फार्मसीवाला म्हणाला दोन्ही एकत्र घेतल्या तर सिरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) वाढून थरथर, घाम, क्वचित फीटसुद्धा येऊ शकते. अजून तसं काही दिसलं नाहीये, पण रात्री त्यांचा श्वास नीट चाललाय ना म्हणून मीच उठून बघते. फेणीची बाटली कपाटात कुलूपबंद केलीय, त्यावरून घरात महाभारत चालू आहे ते वेगळंच!

डॉक्टरांना फोन केलाय, सोमवारी बोलावलंय. तोवर कुणाच्या घरी या दोन गोळ्या एकत्र चालू होत्या का? पोटासाठी लॅक्टुलोज दिलं होतं का कुणाला? आणि ट्रामाडोल बंद करताना डोस हळूहळू कमी करावा लागला का? सोमवारी अजून काय काय विचारू तेही सांगा प्लीज.