ग्रॅहम बेल बहिऱ्यांचा तारणहार? काहीही!

मुलखावेगळी:
‘टेलिफोनचा जनक, बहिऱ्यांचा तारणहार’ अशी बेलवरची पोस्ट सगळीकडे फिरतेय. आई बहिरी, बायको मेबल बहिरी, १८७१ पासून बोस्टनमध्ये बहिऱ्या मुलांना शिकवलं, सगळं खरं. पण १८८३ चा निबंध सोयीस्कर गाळलाय. बहिरे आपापसांत लग्नं करत राहिले तर माणसांची बहिरी जातच तयार होईल, म्हणून त्यांच्या वेगळ्या शाळा, खुणांची भाषा आणि बहिरे शिक्षक नकोत, असं त्यात लिहिलंय. याला तारणहार म्हणायचं?

सातारी_कंदी:
ताई, त्या काळाच्या मानाने बघा. लग्नबंदीचा कायदा त्याने मागितला नव्हता. अंध-बहिऱ्या हेलन केलरच्या वडिलांना तिच्यासाठी शिक्षिका मिळवायची वाट त्यानेच दाखवली. तिने आत्मचरित्र त्यालाच अर्पण केलं.

मुलखावेगळी:
काळाचं सांगू नका. बहिऱ्यांच्या कॉलेजचा प्रमुख एडवर्ड गॅलॉडेट त्याच काळातला, त्याचीही आई बहिरी, आणि तो खुणांसाठी बेलशी भांडला. बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या १८८० च्या मिलान परिषदेत १६४ प्रतिनिधींत बहिरा एकच होता, आणि ठराव काय, तर फक्त बोलूनच शिकवायचं. माझ्या भावाने तेच भोगलं. बाईंच्या गळ्यावर हात ठेवून ‘प, ब, म’ घोटायचं. पापा, बाबा, मामा ओठांवर सारखेच दिसतात हो! हात हलला की पट्टी. या नादात इतिहास-भूगोल राहूनच गेला.

लेकीची_आई:
पट्टी चूकच. पण बोलायला शिकवणं म्हणजे छळ नव्हे. माझ्या लेकीचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवतात ते यंत्र) झालंय, बोलायला शिकवणाऱ्या थेरपीसाठी एसटीने शहर गाठतो. आज ती स्वयंपाकघरात येऊन ‘आई, भूक’ म्हणते. तुमच्या खुणांनी हे झालं असतं?

मुलखावेगळी:
आणि इम्प्लांटचं बाहेरचं मशीन काढून आंघोळ घालताना तिच्याशी कसं बोलता?

लेकीची_आई:
माझ्या लेकरावर घसरू नका! घालते तेव्हा हातानेच बोलते, बास? म्हणून थेरपी सोडू का?

निःशब्द_नाशिक:
मी जन्मतः बहिरा. बेलचं राहू द्या, त्याच्या फोनचं बोला. बँकेत पत्ता बदलायचा होता, म्हणे कॉलवर खात्री करू. समोर उभा होतो, आधार हातात. शेवटी बहिणीला बोलावलं.

सातारी_कंदी:
हे संतापजनक आहे. निबंधाचंही मान्य, तो वाईटच. पण शिक्षक म्हणून त्याला शून्य देणार नाही.

मुलखावेगळी:
देऊ नका. पण बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, तेही त्याच खात्यात मांडा.

लेकीची_आई:
थेरपी सोडा म्हणणाऱ्यांनी आधी तिचं बोलणं ऐकायला या.

मुलखावेगळी:
सोडा असं म्हणतंय कोण? सोबत खुणाही शिकवा एवढंच म्हणतेय!