उन्हाळ्यातला पहिला नाताळ, मेलबर्नमध्ये तुम्ही कसा करता?

स्नोड्रॉप:
नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्टमध्ये स्कॉटलंडहून मेलबर्नला आलो, नवऱ्याची बदली झाली म्हणून. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे नाताळ हा घरातला वर्षाचा सगळ्यात मोठा सण, आणि मुलं तिकडेच वाढल्यामुळे त्यांच्या डोक्यात नाताळ म्हणजे दुपारी पावणेचारला मावळणारा सूर्य, खिडकीत दिवे, दिवसभर चालू असलेला ओव्हन हेच पक्कं बसलंय. इथे आता साडेआठ वाजले तरी लख्ख उजेड, झाड सजवलं पण मुलं झोपेपर्यंत त्याच्यावरचे दिवे उठूनच दिसत नाहीत. धाकटा पाच वर्षांचा आहे, तो रोज विचारतो की सांता एवढ्या उन्हात लाल कोट घालून कसा येणार. मोठी फारसं बोलत नाही पण परवा म्हणाली, आई यंदा नाताळ आल्यासारखा वाटतच नाहीये. पोटात कालवलं अगदी. नवरा म्हणतो दर डिसेंबरला तिकडेच जाऊया, मला ते पटत नाही, इथे राहायचं तर सणही इथेच रुजायला हवा. जेवणाचं काय करता, दिवस कसा आखता, मुलं कशात रमतात? जुन्या लोकांनी प्लीज सविस्तर लिहा.

यारा_काठचा:
ताई, तुमचं बरोबर आहे, सण इथेच करा. फक्त थंडीतला नाताळ उचलून इथे बसवायला जाऊ नका, ३८ डिग्रीत पाच तास ओव्हन चालवून घरातलं कोणीच खुश होत नाही. इथे बऱ्याच घरांत मोठा लेग हॅम (डुकराची खारवलेली तंगडी) आणतात, तो शिजवलेलाच मिळतो, थंडच कापून खायचा, सोबत प्रॉन्स, बटाट्याचं सॅलड आणि गोडाला पावलोवा (अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत केक), वर चेरी नाहीतर आंबा. चेरी आणि आंबे दोन्ही डिसेंबरातच भरपूर येतात. हॅम उरतो आणि उरायलाच पाहिजे, त्यासाठी सुपरमार्केटमध्ये हॅम बॅग म्हणून कापडी पिशवी मिळते, ती पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवायची, घट्ट पिळायची आणि हॅम त्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, दर दोन-तीन दिवसांनी पिशवी धुऊन परत तसंच. कोरडा पडत नाही. प्रॉन्स मात्र टेबलावर ठेवून गप्पा मारत बसू नका, बर्फावर ठेवा आणि खाऊन झाले की लगेच आत.

आमचा दिवस असा असतो: गिफ्ट्स भल्या सकाळी, मग चर्च, जेवण बाराच्या सुमारास, आणि नंतर पडदे ओढून सगळ्यांना झोपवायचं, मोठ्यांना पण. दिव्यांचा तुमचा प्रश्न या झोपेनेच सुटतो, कारण मुलांनी दुपारी झोप काढली की रात्री साडेनऊला त्यांना दिवे बघायला बाहेर नेता येतं, गल्लीच्या गल्ल्या सजवलेल्या असतात आणि शाळा जानेवारीच्या शेवटापर्यंत बंद, त्यामुळे सकाळी उठवायची घाई नाही.

आणि २४ तारखेच्या रात्री सिडनी मायर म्युझिक बोल या खुल्या रंगमंचावर कॅरल्स बाय कँडललाइट हा नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम असतो, तिकीट नाही मिळालं तर टीव्हीवर लाइव्ह बघा. नॉर्मन बँक्स नावाच्या रेडिओ निवेदकाने १९३८ मध्ये हे सुरू केलं. एक वयस्कर बाई खिडकीपाशी मेणबत्तीच्या उजेडात रेडिओवरची कॅरल्स ऐकत गुणगुणताना त्याला दिसली आणि त्यावरून कल्पना सुचली असं सांगतात. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा आभाळात उजेड असतो, हळूहळू अंधार पडत जातो आणि मग हिरवळीवरच्या मेणबत्त्या एकेक करून दिसायला लागतात. मोठ्या मुलीला हे नक्की दाखवा.

मूडजार:
मी पर्थची. आमच्याकडे या दिवसांत मूडजार फुलतं, अख्खं झाड केशरी-पिवळं, इंग्रजीत त्याला क्रिसमस ट्रीच म्हणतात. इथले मूळनिवासी नूंगार लोक त्याची फुलं तोडत नाहीत, मृतांचे आत्मे त्या झाडावर थांबतात अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून आम्ही मुलांना नुसतं बघायला घेऊन जातो. तुमच्या बाजूला व्हिक्टोरियन क्रिसमस बुश असतं बघा, पांढरी फुलं आणि आत जांभळे ठिपके, मेलबर्नजवळच्या डँडेनाँग डोंगरांतल्या ओलसर घळींमध्ये सापडेल. मुलांना एकदा दाखवा की इथल्या झाडांनाही नाताळ कळतो, बर्फाची आठवण आपोआप मागे पडते. जाताना सनस्क्रीन लावा हं, ढगाळ असलं तरी, आणि दर दोन तासांनी परत. समुद्रावर गेलात तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं.

गमट्री:
सांताचं टेन्शन नको. बऱ्याच उपनगरांत आणि गावांत स्वयंसेवक अग्निशमनवाले सांताला बंबावर बसवून गल्लोगल्ली फिरवतात आणि मुलांना लॉली (गोड गोळ्या) वाटतात, तुमच्या भागातल्या ब्रिगेडचं पेज बघा, वेळ देतात. आणि धाकट्याला पत्र लिहायला लावा: सांता, नॉर्थ पोल, ९९९९. एवढाच पत्ता पुरतो, पोस्टवाले घेतात.

एक महत्त्वाचं, त्या दिवशी टोटल फायर बॅन (वणव्याच्या धोक्यामुळे उघड्यावर आग पेटवायला बंदी) असेल तर कोळशाचा बार्बेक्यू अजिबात नाही. गॅसला आणि इलेक्ट्रिकला अटी आहेत, त्या सीएफए या व्हिक्टोरियाच्या अग्निशमन संस्थेच्या साइटवर आदल्या दिवशीच वाचून ठेवा. आणि मेलबर्नचा भरवसा नसतो, जॅकेट हाताशी असू दे. २००६ च्या नाताळात व्हिक्टोरियाच्या डोंगरांत चक्क बर्फ पडला होता, तेव्हा तिथेच कित्येक दिवस वणवे पेटलेले होते, त्यामुळे लोकांना केवढा दिलासा मिळाला.

जुलैवाली:
मला तुमच्या नवऱ्याचीही बाजू कळते हो, थंडीची ओढ खरी असते आणि ती दाबून टाकू नये. आम्ही रोस्ट, पुडिंग, शेकोटी हे सगळं जुलैत करतो, ख्रिसमस इन जुलै इथे बऱ्याच हॉटेलांत पण असतो, ब्लू माउंटन्समध्ये तर यूलफेस्ट म्हणून मोठं प्रस्थ आहे. मात्र प्रभूचा जन्म २५ डिसेंबरलाच. मिडनाइट मास, गोठा, प्रार्थना यातलं काहीच हवामानावर अवलंबून नाही, गोठा तर मुलांनाच करू द्या आणि घरातल्या सगळ्यात मोक्याच्या जागी मांडा.

स्नोड्रॉप:
मनापासून आभार सगळ्यांचे. नवऱ्याला वाचून दाखवलं, जुलैचा रोस्ट ऐकून खुलला. पत्र आजच लिहितोय. अजून एक, २६ ला काय करता? सगळं बंद असतं का?

यारा_काठचा:
बंद २५ ला असतं, दूध-ब्रेड २४ लाच आणून ठेवा. २६ ला एमसीजीवर बॉक्सिंग डे टेस्ट असते आणि दुपारी सिडनी-होबार्ट शिडाच्या बोटींची रेस सुटते, टीव्हीवर दोन्ही दिसतं. आमच्याकडे उरलेल्या हॅमची सँडविचेस आणि दिवसभर मॅच. टेस्टला जायचं असेल तर मुलांना टोप्या घाला आणि सावलीतली सीट बघूनच तिकीट काढा.