उत्तरेला वखारीची भिंत, एका अंगाला जागा कमी. बेसबॉलचं मैदान होईल का?

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार मंडळी. वखारभागाजवळचा एक पडीक प्लॉट आमच्या मंडळाला मुलांच्या बेसबॉलसाठी वापरायला मिळतोय. मुलं १२ वर्षांपर्यंतची, सराव संध्याकाळी. अडचण एकच. उत्तरेला एका जुन्या वखारीची दगडी भिंत आहे, अंदाजे १५ फूट उंच. आखणी कशीही केली तरी एका बाजूची फाउल लाइन (होम प्लेटपासून निघणारी मैदानाची कडेची रेषा) १६० फुटांत भिंतीला भिडते, दुसरी २२० पर्यंत जाते. फाटक पूर्वेला आहे, म्हणून होम प्लेट, म्हणजे चेंडू मारणारा उभा राहतो ती जागा, आग्नेय कोपऱ्यात घ्यावी असं चाललंय. असं वाकडं मैदान चालतं का? का जागाच सोडून द्यावी?

माणदेशी:
दुसरी जागा बघा. नाहीतर मालकाशी बोलून भिंत उतरवून घ्या. मैदान कसं चारी बाजूंनी सारखं पाहिजे.

पीटी_मास्तर (सातारा):
कृष्णाकाठ, जागा अजिबात सोडू नका आणि भिंतीलाही हात लावू नका. मी शाळेत खेळ शिकवण्यात नोकरी घालवली, बेसबॉल हा माझा जिवाचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या खेळात आतलं मोजमाप इंचात पक्कं असतं. मोठ्यांना दोन बेसमध्ये (धावताना गाठायच्या टप्प्यांमध्ये) ९० फूट, पिचरपासून (चेंडू टाकणाऱ्यापासून) होम प्लेट ६० फूट ६ इंच. तुमच्या वयाच्या मुलांना बेस ६० फुटांवर, पिचर ४६ फुटांवर. यात तडजोड नाही. पण बाहेरचं कुंपण जागा देईल तसं. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर उजवीकडची भिंत होम प्लेटपासून २५८ फुटांवर होती, डावीकडची २७९ वर, आणि मधली पार ४८० च्या पुढे! वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमला शेजारच्या घरमालकांनी जागा विकली नाही, तर मैदानाची भिंत ती घरं आणि एक झाड वगळून आत वळवून घेतली. मोठे सामने तिथंच झाले. व्यावसायिक मैदानांना फाउल लाइनवर किमान ३२५ फूट आणि मधोमध ४०० फूट हा नियम १९५८ नंतरच्या बांधकामांसाठी आला, आणि त्यातही सगळी मैदानं सारखी असावीत असं म्हटलेलं नाही.

तुमच्या जागेची थोरली बहीण म्हणजे बॉस्टनचं फेनवे पार्क, १९१२ चं. डाव्या अंगाला लॅन्सडाउन स्ट्रीट आडवा, त्यामुळं भिंत ३१० फुटांवरच. मग तिची उंची ३७ फूट केली. तरी चेंडू रस्त्यापलीकडच्या काचा फोडायचे, म्हणून १९३६ मध्ये वर जाळी बांधली. ती २००३ पर्यंत होती, आता तिथं खुर्च्या आहेत. भिंतीच्या पोटात धावफलक आहे, त्याचे आकडे आजही माणूस हातानं बदलतो. तिथला डावा क्षेत्ररक्षक भिंतीकडे पाठ न करता चेंडू कुठं आदळून कसा परत येईल याचा अंदाज घेऊन उभा राहतो. हे कसब दुसऱ्या मैदानावर शिकताच येत नाही.

माणदेशी, 'चारी बाजूंनी सारखं' हाही प्रयोग होऊन गेलाय. पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया, तिन्हीकडे १९७०-७१ ला अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल एकत्र बसवणारी गोल स्टेडियम उभी राहिली. प्रेक्षक खेळापासून लांब गेला. २००१ ते २००४ मध्ये तिन्ही पाडली.

आता तुमची खरी चूक सांगतो. होम प्लेट आग्नेयेला नको! संध्याकाळी बॅटर वायव्येला तोंड करून उभा राहणार, आणि मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेलाच मावळतो. पिचरचा चेंडू पोराला दिसायचाच नाही, थेट तोंडावर येईल. नियमपुस्तकातली शिफारस अशी की होम प्लेटवरून दुसऱ्या, म्हणजे बरोबर समोरच्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी. म्हणजे होम प्लेट नैर्ऋत्य कोपऱ्यात घ्या, ऊन बॅटरच्या पाठीशी राहील. फाटकापासून चालत यावं लागेल, येऊ दे की.

मिरजकर_बाल्टिमोर:
मास्तरांना दुजोरा. इथल्या कॅम्डन यार्ड्स या बेसबॉल मैदानाच्या उजव्या अंगाला रेल्वेची जुनी वखार आहे, विटांची, १,०१६ फूट लांब. १९९२ ला मैदान झालं तेव्हा ती पाडली नाही, तिच्याच आधारानं मैदान बसवलं. वखार आणि मैदानाच्या मधल्या रस्त्यावर होमरन (कुंपणावरून बाहेर गेलेले फटके) जिथं पडले तिथं फरशीत चेंडूएवढ्या पितळी चकत्या बसवल्यात, पोरं वाकून त्यावरची नावं वाचत असतात. गोल स्टेडियमांचा जमाना खरा इथूनच मागे पडला.

कृष्णाकाठ (सांगली):
मास्तर, मोठे उपकार झाले. नैर्ऋत्य पक्कं. पण मग भिंत डावीकडे येते. भिंतीला लागलेला चेंडू होमरन धरायचा का?

पीटी_मास्तर (सातारा):
नाही. लागून मैदानात परत आला तर खेळ चालू, वरून गेला तरच होमरन. पण उजव्या हातानं खेळणाऱ्या पोरांचे जोरदार फटके डावीकडेच जातात आणि तुमची भिंत १५ फूटच आहे, तर वर निदान तेवढीच जाळी बांधा. चेंडू जाळीत अडकला तर मारणाऱ्याला दोन बेस पुढं जाऊ द्या. हे सगळं सामन्याआधी पंच आणि दोन्ही कर्णधारांना भिंतीजवळ नेऊन दाखवा. आणि भिंतीच्या तळाला पोराच्या खांद्यापर्यंत जुन्या गाद्या किंवा टायर पक्के बांधा. दगड आहे तो, चेंडूमागं धावणारं पोर वर बघत असतं.