झेस्ट: साल आणि खुमारी

इंग्रजीतल्या ‘झेस्ट’ (zest) या शब्दाचा अर्थ बरेचदा नुसता ‘उत्साह’ असा सांगतात. बरोबर आहे, पण अर्धंच. शब्द मुळात स्वयंपाकघरातला. फ्रेंचमध्ये ‘झेस्त’ म्हणजे संत्र्या-लिंबाची साल, आणि १७व्या शतकात इंग्रजीत आला तोही स्वादासाठी वापरायच्या सालीचा अर्थ घेऊनच. जगण्यातल्या गोडीचा अर्थ नंतरचा. साल किसताना फक्त वरचा रंगीत थर घ्यायचा, सुगंधी तेल तिथेच असतं. खालचा पांढरा भाग कडू (केकमध्ये तो गेला की चव बिघडलीच). म्हणून मराठीत मला ‘उत्साह’पेक्षा ‘खुमारी’ हा शब्द जवळचा वाटतो. ती पदार्थालाही येते, गप्पांनाही. माणसाबद्दल बोलायचं तर मात्र ‘असोशी’. ‘ती असोशीने जगली’ म्हटलं की झेस्ट पुरेपूर उतरतो.