विहीणबाईंच्या घरची नाताळची मेजवानी: साडी कोणती नेसावी, ब्लाउज कसा शिवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. मला साडी आणि ब्लाउजविषयी सल्ला हवा आहे. प्रसंग माझ्या दृष्टीने महत्त्वाचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या मुलाचे लग्न गेल्या मे महिन्यात झाले. सून वसईच्या कॅथलिक घरातली आहे. लग्नानंतरचा हा पहिलाच नाताळ, त्यामुळे विहीणबाईंनी मला आग्रहाने बोलावले आहे. २४ तारखेच्या रात्री चर्चच्या पटांगणात मिस्सा (सामूहिक उपासना) आणि २५ च्या संध्याकाळी त्यांच्या वाडीत मेजवानी असा बेत आहे. माझे वय ५९, मी पुण्यात राहते आणि शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाले आहे. मुलाचे लग्न सोडले तर ख्रिस्ती घरातल्या समारंभाला मी कधी गेलेले नाही.

मेजवानी अंगणात, केळीच्या बागेला लागून, उघड्यावर आहे. साधारण साठ माणसे असतील. सातच्या सुमारास मंडळी जमतील, आधी हाउझी (तंबोला), मग गाणी आणि नाच, आणि जेवण दहाच्या पुढे, असे सूनबाईने सांगितले. तरुण मुली झगे किंवा गाऊन घालतात, विहीणबाईंच्या वयाच्या बायका साड्या नेसतात आणि घरातल्या सर्वांत थोरल्या आजी अजूनही लाल लुगडे नेसून दारात खुर्ची टाकून बसतात. मला नाचायला ओढतील, हेही तिने आधीच सांगून ठेवले आहे, आणि मला नाही म्हणायचे नाही. त्या घरात पहिल्याच सणाला मी कडेच्या खुर्चीवर बसून राहिले तर विहीणबाईंना वाईट वाटेल आणि मलाही. म्हणून नीटस दिसेल, पण रात्री बारापर्यंत अंगावर जड होणार नाही, असा पोशाख मला हवा आहे.

एवढी काळजी करण्याचे कारण गेल्या वर्षीचा अनुभव आहे. मैत्रिणीच्या मुलाच्या साखरपुड्यासाठी मी एका दुकानातून टिकल्यांचा, जाळीच्या बाह्यांचा तयार ब्लाउज घेतला होता. आरशात तो फार सुंदर दिसला. पण टिकल्या ज्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेल्या होत्या, त्याची कापलेली टोके आतून तशीच उघडी होती आणि हात हलवला की ती काखेत टोचत. तासाभरात मी हात अंगापासून दूर धरून उभी होते, आणि पंगत बसण्याच्या आधीच काहीतरी निमित्त सांगून घरी परतले. रात्री पाहिले तर दंडाच्या आतल्या बाजूला तांबडे वळ उठले होते. यावेळी लवकर निघून जाणे मला परवडणारे नाही.

आता माझ्यापुढचे पर्याय. एक नारायणपेठी आहे, गडद हिरवी, लाल काठांची. नाताळच्या रंगांना ती शोभेल, पण काठ कडक आहेत आणि निऱ्या फुगतात. दुसरी माहेश्वरी, मोतिया पांढरी, लाल-सोनेरी काठांची, अंगाला अगदी हलकी. तिसरा पर्याय मुलीने सुचवलेला आहे: डाळिंबी मखमलीचा पायघोळ कुर्ता.

माझा ओढा माहेश्वरीकडे आहे, परंतु दोन शंका आहेत. सणाच्या घरी पांढरे नेसून गेलेले चालेल का? माझे यजमान जाऊन तीन वर्षे झाली. त्यानंतर मी फिकेच रंग वापरत आले, आणि आता विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "ताई, काहीतरी लाल नेसा." त्या सहज बोलल्या असतील, पण मला ते मनापासून आवडले. पांढरी साडी नेसले तर त्यांच्या बोलण्याचा मान राहणार नाही, असे व्हायला नको. दुसरी शंका ब्लाउजची. साडी इतकी साधी आहे की तिच्यावर ब्लाउज थोडा झळाळता हवा, पण टिकल्या, जरदोजी आणि जाळी यांची आता मी धास्ती घेतली आहे. झळाळी असूनही अंगाला मऊ लागेल असे कोणते कापड मिळते?

शिवाय दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. चालण्याला आणि बेताने नाचण्याला अडचण नाही, पण पाय घसरलेला चालणार नाही. पायांत काय घालावे, तेही सुचवावे.

वसईची माहेरवाशीण:

ताई, सर्वप्रथम पांढऱ्या रंगाविषयी मनात अजिबात किंतु ठेवू नका. आमच्या उपासनेत नाताळचा रंगच पांढरा आणि सोनेरी आहे. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात फादर जांभळी वस्त्रे घालतात आणि नाताळच्या मिस्सेला पांढरी किंवा सोनेरी. आमच्या नवऱ्या मुली पांढऱ्यात लग्नाला उभ्या राहतात, लहान मुली पहिल्या कम्युनियनला, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेताना, पांढरे घालतात. त्यामुळे मोतिया साडी आणि सोनेरी काठ पाहून आमच्याकडच्या वडीलधाऱ्या बायकांना आनंदच होईल. जुन्या पिढीत आमच्याकडे दुखवट्याचा रंग काळा असे. आजच्या मुली मेजवानीला काळे बिनदिक्कत घालतात, परंतु आपल्या वयाच्या आणि आपल्या परिस्थितीतल्या पाहुणीने पहिल्या भेटीत तेवढे टाळावे, असे मला वाटते.

लाल रंगाविषयी मात्र विहीणबाई सहज बोलल्या नसाव्यात. आपण फिके नेसता, हे त्यांनी लग्नात पाहिले असणार. काठ लाल आहेतच, मग ब्लाउज पूर्ण लाल शिवून घ्या. अंगणात पाऊल टाकताच त्यांच्या ते लक्षात येईल.

मिस्सेला वेगळी साडी न्यावी. पटांगणात रात्री दव पडते आणि गर्दीत दीड-दोन तास बसावे लागते, म्हणून आपली कोणतीही स्वच्छ सुती किंवा टसर साडी आणि जाड शाल पुरेशी आहे. खांदे झाकलेले असावेत. पदर डोक्यावर घ्यायलाच हवा असे आता नाही, घेतला तर छान दिसतो. कम्युनियनच्या वेळी रांग उठेल तेव्हा आपण जागेवर शांत बसून राहावे, त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

एक घरगुती सूचना. जेवणात फुगे (तळलेले गोल पाव) आणि सोरपोतेल किंवा इंद्याल हे मांसाचे मसालेदार रस्से असतीलच, आणि त्या रश्शाचा डाग मोतिया साडीवरून सहज जात नाही. जेवताना पदर खोचून घ्या आणि मांडीवर मोठा रुमाल पसरा. आमच्या घरातल्या बायकाही तसेच करतात, त्यामुळे संकोच वाटायला नको.

मुंढा आणि माया:

मी गेली २२ वर्षे ब्लाउज शिवते आहे, म्हणून फक्त त्याविषयी लिहिते.

आपल्याला हवे असलेले कापड मशरू हे आहे. ते वरून रेशमी आणि आतून सुती असते. साटिनच्या विणीमुळे रेशमाचे धागे वर राहतात आणि सुताचे धागे अंगाच्या बाजूला येतात. रेशीम अंगाला लावणे धर्माने वर्ज्य मानणाऱ्या मुसलमान पुरुषांसाठी हे कापड विणले जाऊ लागले, आणि मशरू या शब्दाचा अर्थही धर्माने मान्य असलेले असाच आहे. गुजरातेत पाटण आणि मांडवीला ते विणतात. पुण्यात हातमागाच्या प्रदर्शनांत आणि चांगल्या कापडदुकानांत ते मिळते. मात्र घेताना कापड उलटे करून गालाला लावून पाहा. आजकाल मशरू म्हणून कृत्रिम धाग्याचे साटिनही विकतात. ते आतूनही गुळगुळीत आणि गार लागते, तर खऱ्या मशरूची आतली बाजू धुतलेल्या धोतरासारखी मऊ लागते. लाल मशरू, त्यावर बारीक पिवळ्या रेघा असतील तर आपल्या माहेश्वरीच्या काठांना तो अगदी जुळेल, आणि वेगळ्या भरतकामाची गरजच उरणार नाही.

आता शिवण. आपला जुना ब्लाउज टोचला तो टिकल्यांमुळे हे खरेच, पण तयार ब्लाउजांचा मुंढाही (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर) बहुधा घट्ट असतो, त्यामुळे जे काही आत असेल ते काखेत दाबले जाते. नाचताना हात वर जाणार आहेत. हात वर केला की ब्लाउज कमरेकडून उचलला जातो, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा मुंढ्यात असते. मुंढा खोल कापला की बाही सैल होईल असे पुष्कळांना वाटते, पण प्रत्यक्षात उलटे होते: मुंढा जितका खोल, तितका हात वर करताना सबंध ब्लाउज ओढला जातो. म्हणून मुंढा काखेच्या जवळ ठेवायला सांगा आणि बाहीला दंडावर बोटभर सैलपणा मागा. बाही कोपरापर्यंत असावी. आतल्या शिवणी उघड्या न ठेवता सुती पट्टीने बांधून घ्याव्यात. दोन्ही बगलांना दीड इंच माया (शिवणीच्या आत राखलेले जादा कापड) ठेवायला आवर्जून सांगा, म्हणजे शेवटच्या दिवशी घट्ट वाटले तर एक शिवण उसवून सैल करता येईल. अस्तर मलमलीचे घ्या आणि कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवा. न भिजवलेले सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटते, वरचे कापड तेवढे आटत नाही, आणि मग ब्लाउज कायमचा चुणतो.

हूक पुढच्या बाजूला असावेत. मागची नाडी आणि तिचे लोंबते गोंडे खुर्चीच्या पाठीत अडकतात, ते या प्रसंगी नको.

घाटमाथा:

काकू, मी आपल्या मुलीच्या बाजूने बोलणार आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असताना, दव पडलेल्या अंगणात, नाचायचे ठरवून साडीच का नेसायची? पायघोळ कुर्ता घोट्याच्या वर चार बोटे ठेवला तर पायात काहीच येत नाही. मखमल मात्र मलाही पटत नाही. हल्लीची बहुतेक मखमल पॉलिएस्टरची असते. तिच्यातून हवा खेळत नाही, आणि वसईची हवा संध्याकाळीही दमटच असते. वर सांगितलेल्या मशरूचाच कुर्ता शिवून घेतला तर मऊपणाही मिळेल आणि लाल रंगही.

पायवाट:

पादत्राणांविषयी थोडेसे. नवे काहीही घेऊ नये. कोल्हापुरी दिसायला सुरेख, पण तिचा चामड्याचा तळ ओल्या गवतावर आणि गुळगुळीत फरशीवर घसरतो. रबरी तळाची, मागे पट्टा असलेली, इंचभर रुंद टाचेची सँडल घ्यावी आणि निघण्यापूर्वी किमान आठवडाभर ती घालून रोज फिरायला जावे. साडीचा फॉलही ती सँडल घालूनच मापावा. माझ्या आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या घरी हा नियमच झाला आहे.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. पांढऱ्या रंगाचा उलगडा वाचून फार बरे वाटले. उपासनेच्या रंगांविषयी मी सूनबाईलाही विचारले, तेव्हा आगमनकाळातल्या जांभळ्या मेणबत्त्या तिने मला पुण्याच्या घरीच दाखवल्या. त्या मी रोज पाहत होते, पण त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता.

घाटमाथा, आपले म्हणणे विचार करण्याजोगे आहे आणि मुलीला तर ते वाचून आनंद झाला. तरीही मी साडीच नेसणार आहे. विहीणबाई आणि त्यांच्या जावा साडीत असतील आणि आजी लुगड्यात, तेव्हा त्यांच्या ओळीत मला साडीनेच उभे राहायचे आहे. आपली भीती रास्त असल्यामुळे साडी घोट्याच्या किंचित वर नेसेन, निऱ्या पाचच घालून त्यांना आतून पिन लावीन आणि पदर खांद्यावर चापून घेईन. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे नाचताना पदर उलटला तरी ओशाळायला नको. मिस्सेसाठी करड्या रंगाची टसर काढून ठेवली आहे. थंडीसाठी सासूबाईंची औरंगाबादची जुनी हिमरू शाल आहे. तिचा ताणा (उभे धागे) सुती असल्यामुळे ती टोचत नाही, आणि ती दोन्ही रात्री वापरता येईल.

मशरू काल मिळाले. गडद लाल, मोहरीएवढ्या पिवळ्या ठिपक्यांच्या रेघा असलेले. दुकानात उलटे करून गालाला लावून पाहिले. दुकानदाराने आधी दाखवलेला तागा गार लागला, म्हणून दुसरा मागितला. अस्तर आत्ता बादलीत भिजते आहे.

मुंढा आणि माया, आपल्याला एकच विचारायचे आहे. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उतरता आहे, फळ्यावर लिहून लिहून तसा झाला असावा. शिंपी दोन्ही बाजू एकाच मापाने कापतात आणि मग उजवीकडून गळा सरकतो. दोन्ही खांद्यांची मापे वेगळी घ्यायला सांगू, की शिवून झाल्यावर उजवीकडे आतून पट्टी लावून घेऊ? शनिवारी कापड द्यायचे आहे. ब्लाउज हाती आला की तो घालून एक दिवस पूर्ण स्वयंपाक करून पाहणार आहे, वरच्या फळीवरचे डबे काढण्यासकट.