लोकांच्या नजरेतले आपण: आपापले अनुभव लिहा

वर्धाकाठ (धागा सुरू)
आमच्या आर्वीकडे पारावर एकदा ठरलं की ठरलं: कोणी ‘हुशार पोट्टा’, कोणी ‘खुळी’, कोणाचं ‘आळशाचं घर’. आणि ज्याला ते चिकटतं तो हळूहळू तसाच वागायला लागतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्ये हेच मांडलं होतं. आपण समोरच्याला कसे दिसत असू, तो आपल्याला काय ठरवत असेल, याचा आपण अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर मान ताठ ठेवतो किंवा खाली घालतो. खेड्यात मात्र अंदाज बांधावाच लागत नाही, लोक तोंडावर सांगतात. तुमच्यावर कोणती नजर बसली? उतरली का? बोलीत लिहा, चालेल.

पांढरं सोनं
मी यवतमाळ जिल्ह्यातला. पुण्यात होस्टेलवर गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘तुमच्याकडे शेतकरी आत्महत्या फार ना?’ 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं तेव्हा अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, वर्धा या सहा जिल्ह्यांना ‘आत्महत्याग्रस्त’ शब्द लागला, तो अजून निघाला नाही. माझे बाबा दरवर्षी पऱ्हाटी (कपाशी) लावतात, त्यांना त्यांच्या वावराचा अभिमान आहे. तरी गाव सांगताना माझा आवाज बारीक व्हायला लागला. दया कोणाला आवडते?

मायची लेक
भाऊ, तो शब्द आमच्या घराला मिळालाही नाही. बाबा गेले तेव्हा सातबारा आजोबांच्या नावावर आणि कर्ज सावकाराचं, चिठ्ठीवरचं. एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी जमीन, कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदावर दिसावं लागतं. आमच्या फाइलवर शेरा पडला, ‘अपात्र’.

पैसे गेले ते गेलेच, पण गावाने त्या शेऱ्याचा निराळा अर्थ काढला. कर्जापायी गेला नाही, म्हणजे घरातच काही असेल. बाईचं भांडण असेल. माय हापशीवर गेली की बाया गप्प व्हायच्या. काही महिन्यांनी ती मला रात्री विचारायला लागली, ‘बाई, त्या दिवशी मी त्यायले काही बोलली होती का वं?’ ती काही बोलली नव्हती. मी घरातच होते. पण गाव तिच्याकडे तसं बघत होतं म्हणून जे घडलंच नाही ते ती स्वतःत शोधत बसायची.

फरक पडला तो कृषी केंद्रवाल्या भाऊंमुळे. एका जून महिन्यात बियाणं घेताना त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला तिच्यासमोर सांगितलं, ‘तुरीचं या काकूले विचारा, त्यायच्या वावरात मर रोग लागत नाही.’ घरी येऊन माय दिवसभर तेच सांगत होती. मग लोक बांधावर येऊन खरंच विचारायला लागले. रात्रीचा तो प्रश्न कधी थांबला ते आठवत नाही, पण थांबला.

मनमोकळा
लोकांचं मनावर घ्यायचंच नाही, हाच उपाय.

जुना कास्तकार
बापू, शहरात नाई घेतलं मनावर तं चालते. गावात उधारी त्याच लोकायजवळून, डवरणीले बैलजोडी त्यायचीच, पोरीचं जमवाले मध्यस्थ बी थेच. त्यायनं मले एकदा ‘बुडीत’ ठरोलं, तं दारात कोन उभं करते?

बेड्यावरून
मी फासेपारधी, अमरावती जिल्ह्यातला. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, तो 1952 मध्ये रद्द झाला. बेड्यावरची, म्हणजे आमच्या पारधी वस्तीवरची, नजर तीच राहिली. वर्गात कोणाचा पेन हरवला की आधी माझं दप्तर उलटं व्हायचं. पुढे पुढे कोणी म्हणायच्या आत मीच दप्तर उघडून द्यायचो. दुकानात हात मागे बांधून उभा राहायचो.

सातवीत नवे गुरुजी आले. खिचडीच्या तांदळाच्या खोलीचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं: रोज मोजून काढायचा, वहीत लिहायचा. एका पालकाने हरकत घेतली तर म्हणाले, ‘हिशोब त्याचा पक्का आहे.’ ‘तो चोर नाही’ म्हणाले असते तर मला ते पुरलं नसतं. पक्का हिशोब हे माझं स्वतःचं होतं. आज माझं किराणा दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात गेलो की हात मात्र अजून मागे जातात.

खडूवाली बाई
बेड्यावरचे दादा, तुमचं वाचून एक अभ्यास आठवला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निष्कर्ष 2006 मध्ये छापून आले. जातीचा उच्चार नव्हता तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं जवळपास सारखीच कोडी सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांची कमी सुटली. मुलं तीच होती हो! म्हणून सांगते, शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचणं बंद व्हायलाच हवं. आम्ही पालकांना एकेकटं बोलावून फॉर्म भरतो. वेळ जास्त लागतो, लागू दे.

वडसा रोड
मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात काम करते. दिवाळीनंतर मंडई (गावोगावची जत्रा) लागली की हंगाम सुरू, रात्रभर नाटक आणि पहाटे गाडीत झोप. लोक ‘नाटकवाली’ ज्या सुरात म्हणत तो माझ्याही अंगात मुरला होता. सासरच्या पाहुण्यांना मी काम सांगतच नसे. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. मी ‘गृहिणी’ लिहायला घेतलं, तिने पेन काढून घेतला आणि ‘कलाकार’ लिहिलं. तिने मला स्टेजवर पाहिलंय, पुढे बसून. आता ती म्हणते, यंदा पोस्टरवर नाव आडनावासकट यायला पाहिजे. निर्मात्यांशी बोलणं झालंय, सासूबाईंशी व्हायचंय.