गिअरच्या दांडीला कुठलं ग्रीस? (खोलून ठेवलीय, मदत हवी आहे)

मंडळी, गाडी उघडी पडली आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

२०११ ची हॅचबॅक, दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी दांडी जड जाते, दुसऱ्यातून तिसरा टाकताना कोरडं करकरते. इंजिन बंद असतानाही तेवढीच जड, म्हणून क्लचवर संशय नाही. काल कन्सोल काढला. आत रुपयाची दोन नाणी, शेंगदाण्याची फोलपटं आणि दांडीच्या बुडातला गोळा बसतो त्या वाटीत मेणासारखं सुकलेलं ग्रीस. नखाने खरवडलं तर पापुद्रे निघाले. गोळा लोखंडी, वाटी पांढऱ्या प्लॅस्टिकची, वर रबरी बूट (आवरण).

घरात शेतातल्या पंपासाठी आणलेलं एपी-३ ग्रीस आहे. गॅरेजवाले मामा म्हणाले, "ग्रीस ते ग्रीस, लाव की!" दुकानदाराने महागातलं काळं मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं) पुढे केलं. मला दोन्ही पटेना. सिलिकॉन घेऊ का? केबलच्या आतही काही सोडायचं का?

प्रतिसाद १
एपी-३ लावलंत तर थंडीचं दुखणं राहीलच. त्यातला ३ म्हणजे घट्टपणा. २५ अंशांना चाचणीचा शंकू पाच सेकंदांत ३ नंबरात २२ ते २५ मिलिमीटर रुततो, २ नंबरात २६.५ ते २९.५. तुम्हाला २ नंबरच हवं. मॉली धातूवर धातू घासतो तिथलं. प्लॅस्टिकच्या वाटीत त्याचं काम नाही, वर हात-कपडे काळे होतात ते वेगळंच. बुटाचं रबर ईपीडीएम जातीचं निघालं तर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगेल. तेव्हा सिलिकॉनच घ्या, पीटीएफई (टेफ्लॉन) घातलेलं मिळालं तर उत्तम. जुनं सगळं पुसून काढा, दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली की कधी कधी पाणी होतं. हरभऱ्याएवढं पुरे.

केबलच्या आत काही सोडू नका, बहुतेकींना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. आणि लावण्याआधी गिअरबॉक्सकडची टोकं सोडवून दांडी हलवून बघा. मोकळी झाली तर दुखणं खाली आहे, वाटीत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद दादा. टोकं सोडवली, तरी दांडी जडच होती. वाटी पुसून सिलिकॉन लावलं, आता दोन बोटांनी गिअर पडतो. पण सोडवताना दिसलं, एका केबलच्या टोकाचा बुश (आतलं छोटं कडं) तडकलाय, बोटाने खुळखुळतो. हा सुटा मिळतो का, की अख्खी केबल गळ्यात पडणार?